'फ्रॉम टाइम टू टाइम' कुठे चालतं आणि कुठे घात करतं

प्रश्न थोडक्यात असा: क्लायंटला मेलमध्ये "आय विल अपडेट यू टाइम टू टाइम" असं लिहिलं, मॅनेजरने त्यात "फ्रॉम" घालून मेल पुढे पाठवली, तर हा "फ्रॉम" खरंच लागतो का, त्याने अर्थ बदलतो का, आणि "वन्स इन अ व्हाइल", "एव्हरी नाउ अँड देन" वगैरे सगळे याच अर्थाचे का. मी इंग्रजी शिकवते आणि जोडीला मराठी-इंग्रजी भाषांतराची कामं करते, त्यात करारनामे, हॉस्पिटलचे कागद आणि ऑफिसची पत्रं हीच जास्त, त्यामुळे हा शब्दप्रयोग सारखा समोर येतो. जरा लांबेल, पण नीट सांगते.

"फ्रॉम" लागतोच. पूर्ण रूप "फ्रॉम टाइम टू टाइम" असं आहे, त्यातला कुठलाही शब्द गाळता येत नाही, "टाइम"चं "टाइम्स" करता येत नाही, मध्ये "अ" किंवा "द" घालता येत नाही. आपण "फ्रॉम" का खातो याचं मला वाटतं एक कारण उच्चारात आहे, इंग्रज माणूस हे बोलताना "टाइम" दोन्ही वेळा ठासून म्हणतो आणि "फ्रॉम", "टू" नुसते घाईत उरकतो, फ्रम-टाइम-ट-टाइम असं काहीतरी, त्यामुळे कानावर फक्त टाइम-टाइम पडतं आणि तेच लक्षात राहतं.

पण तुमच्या मेलची खरी अडचण "फ्रॉम"ची नाहीच. मॅनेजरने वाक्य व्याकरणात बसवून दिलं, अर्थ मात्र होता तिथेच चुकलेला राहिला. तुम्हाला म्हणायचं होतं की कामाची माहिती वेळच्या वेळी देत जाईन. क्लायंटने वाचलं की अधूनमधून, जमेल तसं, कधीतरी कळवत जाईन. इंग्रजीत "फ्रॉम टाइम टू टाइम" म्हणजे अनियमितपणे, ठरलेलं वेळापत्रक नसताना, मधून मधून. त्यात नेमाने करण्याचा भाव अजिबात नाही. पैसे मोजून काम देणाऱ्या माणसाला "मी तुम्हाला मधून मधून कळवीन" असं कोणी मराठीत लिहील का? नाही लिहिणार. मग इंग्रजीतही लिहू नका.

तिथे लिहायचं काय ते सांगते. आठवड्याचा वार ठरला असेल तर सरळ वार लिहा, "आय विल सेंड यू अ स्टेटस अपडेट एव्हरी फ्रायडे". वार ठरला नसेल, काम पुढे सरकेल तसं कळवायचं असेल तर "आय विल कीप यू अपडेटेड" किंवा "आय विल कीप यू पोस्टेड", यात "कीप" या शब्दात कळवत राहण्याचा भाव आपोआप येतो. टप्पे असतील तर "आफ्टर ईच स्टेज". यातलं कुठलंही चालेल, आणि कुठल्याहीत "टाइम टू टाइम"ची गरज पडत नाही.

आता आपल्या बाजूने हा घोळ का होतो ते बघा, कारण ते कळलं की पाठ करायची गरज उरत नाही. मराठीत "वेळ" या शब्दापासून आपण किती काय काय करतो! वेळेवर, वेळच्या वेळी, वेळोवेळी, वेळप्रसंगी, वेळी-अवेळी. यातला "वेळच्या वेळी" म्हणजे प्रत्येक गोष्ट तिच्या ठरलेल्या वेळेला. आणि बोलताना आपण त्याच्या जागी सर्रास "टाइम टू टाइम" म्हणतो: "आईच्या गोळ्या टाइम टू टाइम चालू आहेत ना?", "होस्टेलवर जेवण टाइम टू टाइम मिळतं". मराठी बोलण्यात हे पूर्णपणे चालतं, त्याला मी चूक म्हणणार नाही, कारण ते आता आपलंच झालंय, त्याचा अर्थ आपल्यात सगळ्यांना एकच कळतो. हिंदीतही असंच बोलतात. पण हा आपल्या मराठीतला "टाइम टू टाइम" परत इंग्रजी वाक्यात जाऊन बसला की अर्थ बरोब्बर उलटा होतो. आपल्याकडे त्याचा अर्थ वक्तशीर, तिकडे त्याचा अर्थ अनियमित.

औषधांच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. मी रुग्णांच्या घरच्यांसाठीच्या सूचनांचं भाषांतर करते तेव्हा मूळ मराठीत साधं वाक्य असतं, "बीपीची गोळी वेळच्या वेळी द्यावी", आणि कोणीतरी आधी केलेल्या कच्च्या इंग्रजीत ते "गिव्ह बीपी टॅब्लेट टाइम टू टाइम" असं झालेलं असतं. आता समजा आई मुलाकडे अमेरिकेत गेलीय, दिवसा तिला सांभाळायला तिथली बाई येते, तिला मराठी येत नाही, आणि फ्रिजवर हा कागद लावलाय. ती बाई सरळ समजणार की गोळी अधूनमधून द्यायची, लागेल तशी. रोजची बीपीची गोळी लागेल तशी द्यायची नसते, ती रोज द्यायची असते. म्हणून तिथे आकडा लिहायचा, "वन टॅब्लेट एव्हरी मॉर्निंग ॲट 8, आफ्टर ब्रेकफास्ट", म्हणजे शंकेला जागाच नाही. आणि नुसतं वक्तशीरपणावर बोट ठेवायचं असेल तर "ऑन टाइम" आहे, "ॲट द सेम टाइम एव्हरी डे" आहे, "रेग्युलरली" आहे. तुमच्या घरात कोणी परदेशात म्हातारं माणूस सांभाळत असेल तर असा कागद एकदा काढून बघा, खरंच बघा.

याच्या जोडीला "टाइमली" पण येतो. "प्लीज सबमिट द फॉर्म टाइमली" असं आपल्या ऑफिसांमध्ये पावलोपावली दिसतं. शेवटी "ली" आहे म्हणून तो क्रियाविशेषण वाटतो, पण तो आहे विशेषण, "टाइमली हेल्प" म्हणजे वेळेवर मिळालेली मदत. फॉर्म द्यायचा तर "ऑन टाइम" द्या किंवा "इन अ टाइमली मॅनर" म्हणा, किंवा सरळ तारीख घाला. तारीख सगळ्यात बरी.

"वेळोवेळी" मात्र खरा अवघड शब्द आहे, कारण आपण तो तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरतो आणि इंग्रजीत तिन्हीला वेगळी सोय आहे. "मी तुला वेळोवेळी सांगितलं, तू ऐकलं नाहीस" इथे अर्थ पुन्हा पुन्हा, तर इंग्रजीत "टाइम अँड अगेन" किंवा "टाइम आफ्टर टाइम", इथे "फ्रॉम टाइम टू टाइम" लिहिलं तर तक्रारीतला सगळा जोरच निघून जातो. "त्यांनी आम्हाला वेळोवेळी मदत केली" इथे अर्थ जेव्हा जेव्हा गरज पडली तेव्हा, तर "व्हेनेव्हर वुई नीडेड इट". आभाराच्या पत्रात हे वाक्य हमखास असतं, आणि ज्याने अडीनडीला धावून येऊन मदत केली त्याला "यू हेल्प्ड अस फ्रॉम टाइम टू टाइम" लिहिणं म्हणजे त्याची मदत कमी करून सांगणं आहे, लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं तरी वाचणाऱ्याला ते तसंच लागतं. आणि तिसरा अर्थ सरकारी, "शासनाने वेळोवेळी निर्गमित केलेल्या आदेशांनुसार". इथे मात्र "फ्रॉम टाइम टू टाइम" अगदी चपखल बसतं.

हा सरकारी-कायदेशीर वापर जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण त्याचा तुमच्या-आमच्या खिशाशी संबंध आहे. कायद्याच्या इंग्रजीत "फ्रॉम टाइम टू टाइम" म्हणजे कधीमधी असं नाही, तर "जेव्हा जेव्हा, कितीही वेळा". 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 14 हेच सांगतं, की एखाद्या केंद्रीय कायद्याने कुणाला अधिकार दिला असेल तर, वेगळा हेतू दिसत नसेल तर, तो प्रसंग पडेल तसा "फ्रॉम टाइम टू टाइम" वापरता येतो. म्हणजे एकदा वापरला म्हणून अधिकार संपला असं होत नाही. "ॲज अमेंडेड फ्रॉम टाइम टू टाइम" हे शेपूट कायद्याच्या नावापुढे लावतात ते पण यासाठीच, आज जो कायदा आहे तोच नाही तर उद्या त्यात जे जे बदल होतील तेही धरून, असा त्याचा अर्थ.

आता घराच्या कर्जाचा करार काढा. त्यात व्याजाच्या कलमात "ॲज मे बी रिवाइज्ड बाय द बँक फ्रॉम टाइम टू टाइम" अशा धर्तीची ओळ बहुतेक सापडेल. सही करताना लोक मनात म्हणतात, अधूनमधून बदलणार, एवढंच ना. पण नुसत्या त्या ओळीत किती वेळा, किती दिवसांनी, वर का खाली, याला काहीच बंधन नाही. बंधन घालायचं तर वेगळे शब्द लागतात. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नव्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, रेटच्या घरकर्जांचं व्याज बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे रेपो रेटसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या) दराला, जोडायला लावलं तेव्हा दर किमान तीन महिन्यांतून एकदा रिसेट झाला पाहिजे असं स्पष्ट घातलं. "किमान तीन महिन्यांतून एकदा" आणि "फ्रॉम टाइम टू टाइम", या दोन्हींमधला फरक म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे खरं तर. सोसायटीचे नियम, भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार, नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर, सगळीकडे ही ओळ येते, दिसली की समोरच्याला मोकळीक दिली आहे असं समजून वाचायचं आणि त्रास होणार असेल तर मर्यादा मागायची.

आणि आपली राज्यघटना बघा. कलम 85 मध्ये राष्ट्रपती संसदेची सभागृहं "फ्रॉम टाइम टू टाइम" बोलावतील असं आहे. घटना लिहिणाऱ्यांना माहीत होतं की एवढ्यावर सोडलं तर अधिवेशन कधी घ्यायचं ते मोकळंच राहतं, म्हणून त्याच वाक्यात पुढे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये अशी अट आहे. कलम 174 मध्ये राज्यपाल आणि विधिमंडळाबद्दल तसंच. अमेरिकेच्या घटनेत राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, देशाच्या स्थितीची माहिती "फ्रॉम टाइम टू टाइम" द्यावी असं म्हटलंय आणि पुढे मुदतच नाही. दरवर्षी अशी माहिती द्यायची रीत पडली ती 1790 मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सुरुवात केली म्हणून, त्या शब्दांमुळे नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही उदाहरणं मुद्दाम देते, कारण एकदा हे डोक्यात बसलं की मेलमध्ये आपोआप हात थांबतो: जिथे मुदत द्यायची आहे तिथे या चार शब्दांनी काम होणार नाही.

आता व्याकरण. इथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे आणि ती पुस्तकांत सहसा सापडत नाही. आपण म्हणतो, "मी अधूनमधून गावी जात असतो", "ती मला मधून मधून फोन करत असते". हा "जात असतो" सवयीचा आहे, आत्ता चालू असलेल्या क्रियेचा नाही. पण शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं की होतं "आय ॲम गोइंग टू माय व्हिलेज फ्रॉम टाइम टू टाइम". चूक. इंग्रजीत सवय साध्या वर्तमानकाळात सांगतात, "आय गो टू माय व्हिलेज फ्रॉम टाइम टू टाइम", "शी कॉल्स मी फ्रॉम टाइम टू टाइम". शाळेत "जातो म्हणजे गो, जात आहे म्हणजे ॲम गोइंग" एवढं शिकवतात आणि "जात असतो" अधांतरी राहतो, मग मुलं मोठी झाली तरी "इंग" लावत बसतात. जात असतो, येत असतात, करत असते, सगळ्यांना साधा वर्तमान. भूतकाळात "जायचो" असेल तर "आय यूज्ड टू गो देअर फ्रॉम टाइम टू टाइम", तेही बरोबर आहे आणि छान वाटतं. "ओव्हर द इयर्स" किंवा "सिन्स 2015" असं काही जोडलं तर "आय हॅव व्हिजिटेड देम फ्रॉम टाइम टू टाइम" होतं.

जागा कुठली? बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी. जोर द्यायचा तर सुरुवातीला, मग पुढे स्वल्पविराम. मधली जागा, कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये, ती "समटाइम्स", "ऑफन", "ऑकेजनली" अशा एकेकट्या शब्दांची. "आय ऑकेजनली कुक" ठीक, "आय फ्रॉम टाइम टू टाइम कुक" ऐकायला जड जातं. घटनेतलं "शॅल फ्रॉम टाइम टू टाइम" मध्येच येतं ते कायद्याच्या भाषेमुळे, आणि आपल्या ऑफिसच्या पत्रांमध्ये ते मध्ये घालायची सवय तिथूनच उतरलीय. बोलताना आणि साध्या मेलमध्ये शेवटी टाका, मोकळं वाटतं.

नकार त्याला मानवत नाही. "आय डोन्ट गो देअर फ्रॉम टाइम टू टाइम" म्हणजे नक्की काय, ते कोणालाच कळत नाही, मराठीतसुद्धा "मी अधूनमधून जात नाही" अडखळतंच की. फार कमी जातो असं म्हणायचं असेल तर "आय रेअरली गो", "आय हार्डली एव्हर गो". कधीकधी दांडी मारतो असं म्हणायचं असेल तर "समटाइम्स आय डोन्ट गो". तसंच ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा घडू शकत नाहीत त्यांच्याबरोबर हे लागत नाही, "आय नो हिम फ्रॉम टाइम टू टाइम" होत नाही, ओळख मधून मधून होत नसते, "आय मीट हिम" होतं, भेटी होतात.

जवळ दुसरा "फ्रॉम" असेल तर तेवढं टाळा. "आय गेट कॉल्स फ्रॉम ओल्ड स्टुडंट्स फ्रॉम टाइम टू टाइम", व्याकरणात ठीक, पण कानाला खुपतं. तिथे "एव्हरी नाउ अँड देन" बसवा.

तर आता ही बाकीची भावंडं. "एव्हरी नाउ अँड देन", "नाउ अँड देन", "नाउ अँड अगेन", "एव्हरी सो ऑफन", "वन्स इन अ व्हाइल", "ऑकेजनली", "ऑन ऑकेजन". यातलं कुठलं किती वेळा याचा तक्ता बनवून विकणारे क्लास आहेत, टक्केवारीसकट, त्याच्या नादी लागू नका असं मी कळकळीने सांगते. हे सगळे साधारण एकाच टप्प्यातले आहेत, "ऑफन"च्या बरेच खाली आणि "रेअरली"च्या वर, आणि खरी वारंवारता ठरते ती क्रियेवरून. कुंडीला मधून मधून पाणी घालतो आणि माणूस मधून मधून नोकरी बदलतो, दोन्हींत "फ्रॉम टाइम टू टाइम" चालेल, पण एकीकडे दिवस मोजायचे आणि दुसरीकडे वर्षं. मराठीतला "अधूनमधून" पण असाच लवचिक आहे ना, तसंच समजा.

फरक आहे तो सुराचा. "फ्रॉम टाइम टू टाइम" जरा शांत, लिहिण्यातही शोभतं, कंपनीच्या पत्रात "वुई रिव्ह्यू अवर फीज फ्रॉम टाइम टू टाइम" अगदी बरोबर, कारण तिथे त्यांना तारीख द्यायचीच नसते. "एव्हरी नाउ अँड देन" गप्पांतलं. "वन्स इन अ व्हाइल" गप्पांतलंच, पण त्यात मला थोडा विरळपणा जास्त जाणवतो, "वन्स" आहे म्हणून असेल, मुलांना आईसक्रीम द्यायचं, जंक फूड खायचं, स्वतःचे लाड करायचे, अशा ठिकाणी ते फार येतं, "वन्स इन अ व्हाइल इट्स ओके". अमेरिकेत त्याच्या पुढे "एव्हरी" लावतात, "एव्हरी वन्स इन अ व्हाइल". लिहिताना "अ" आणि "व्हाइल" वेगळे लिहायचे, जोडून लिहिलेला शब्द इंग्रजीत आहे पण तो इथला नाही. आणि "वन्स अँड अ व्हाइल" असं काही नसतं, ते ऐकण्यातून आलेलं आहे. "इन अ व्हाइल" एकटं आलं तर अर्थ थोड्या वेळाने, "सी यू इन अ व्हाइल", त्याचा अधूनमधूनशी संबंध नाही.

"ॲट टाइम्स" वेगळं आहे. एकाच गोष्टीच्या आत काही ठिकाणी, असा भाव त्यात येऊ शकतो, "द फिल्म इज स्लो ॲट टाइम्स", सिनेमा मध्ये मध्ये संथ होतो. "ऑन अँड ऑफ" किंवा "ऑफ अँड ऑन" अजून वेगळं: "इट रेन्ड ऑन अँड ऑफ ऑल डे", दिवसभर थांबून थांबून पाऊस. पुण्यातला श्रावण असाच ना, भुरभुर येते, ऊन पडतं, परत भुरभुर. तिथे "फ्रॉम टाइम टू टाइम" चुकीचं नाही, पण "ऑन अँड ऑफ"मध्ये चालू-बंदचं जे चित्र आहे ते त्यात नाही. "ऑन ऑकेजन" आणि "ऑन द ऑकेजन ऑफ" यांची गल्लत करू नका, दुसरं आपल्या निमंत्रणपत्रिकेतलं, "च्या निमित्ताने".

स्वयंपाकाच्या रेसिपीत हे शब्द येतात तिथे मात्र अर्थ काटेकोर धरायचा. "स्टर ऑकेजनली" किंवा "स्टर फ्रॉम टाइम टू टाइम" म्हणजे झाकण ठेवा, मधून मधून ढवळा. "स्टर कॉन्स्टंटली" म्हणजे हात थांबवायचाच नाही. मराठी रेसिपी इंग्रजीत टाकणाऱ्या ताई "ढवळत राहावे"चं "स्टर टाइम टू टाइम" करतात, आणि ते वाचून कोणी बासुंदी आटवायला घेतली तर दूध तळाला लागणारच, बिचारीने लिहिलं होतं तसंच केलेलं असतं.

"वन्स इन अ ब्लू मून" बद्दलही लोक विचारतात. हे अधूनमधून नाही, हे सठीसामाशी. माणसाबद्दल आपण उंबराचं फूल म्हणतो, एवढं दुर्मिळ. यातला ब्लू मून म्हणजे आजच्या प्रचलित अर्थाने इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, हा अर्थ 1946 मध्ये एका अमेरिकन खगोल मासिकातल्या लेखात झालेल्या गैरसमजातून पसरला, वाक्प्रचार त्याच्या आधीचा आहे. मजा अशी की ही गोष्ट आपल्याला अजिबात परकी नाही. बारा चांद्रमास सौरवर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी कमी भरतात, तो फरक साठत जातो आणि 19 वर्षांत 7 पौर्णिमा जादा येतात. इंग्रजी कॅलेंडरमध्ये त्या ब्लू मून म्हणून दिसतात, आपल्या पंचांगात त्याच हिशेबाने 19 वर्षांत 7 अधिक महिने येतात. ऑगस्ट 2023 आठवा, तेव्हा अधिक श्रावण होता, 1 तारखेला अधिकातली पौर्णिमा झाली, आणि निज श्रावणातली, राखीची पौर्णिमा 30-31 तारखेला, आणि तीच जगभर ब्लू मून म्हणून गाजली. म्हणजे जावयाला अनारशांचं वाण ज्या हिशेबाने मिळतं त्याच हिशेबाने ब्लू मून येतो, सरासरी पावणेतीन वर्षांनी.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण ही विचारणा तिकडूनच जास्त येते. स्पीकिंगच्या पहिल्या भागात "हाउ ऑफन डू यू..." असे प्रश्न येतात आणि मुलं पाठ केलेलं "वन्स इन अ ब्लू मून" कुठेही फेकतात, "हाउ ऑफन डू यू मीट युअर फ्रेंड्स?" ला सुद्धा. परीक्षक शब्दसंपत्तीचे मार्क देताना शब्द जागेवर बसलाय का तेही बघतात, नुसता आला एवढ्यावर मार्क मिळत नाहीत. त्यापेक्षा साधा शब्द घ्या आणि पुढे एक खरी गोष्ट जोडा. "हाउ ऑफन डू यू कुक?" विचारलं तर "नॉट व्हेरी ऑफन. एव्हरी नाउ अँड देन आय मेक पोहे फॉर माय रूममेट्स, युज्वली ऑन अ संडे". यात वारंवारता आली, काळ बरोबर आला, आणि परीक्षकाला पुढचा प्रश्न विचारायला पोहे मिळाले. पोहे म्हणजे काय ते विचारलं तर तेही इंग्रजीत सांगायची तयारी ठेवा, "फ्लॅटन्ड राइस, कुक्ड विथ अनियन्स, टर्मरिक अँड पीनट्स", एवढं पुरतं.